सेकंड-हँड लक्झरी घड्याळ घेताय? आधी बिल बघा, मग डायल

गेल्या पावसाळ्यात अंधेरी स्टेशनजवळच्या एका कॅफेत मी एक घड्याळ बघायला गेलो होतो. ओमेगा सीमास्टर, निळी डायल, काही वर्षं वापरलेलं. विकणारा माझ्याच वयाचा. किंमत १ लाख ६५ हजार. हेच मॉडेल शोरूममध्ये घ्यायला गेलो तर याच्या दुपटीहून जास्त पैसे मोजावे लागले असते.

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे तयारी करून गेलो होतो. भिंगाची लेन्स, फोनमध्ये तीन अ‍ॅप, डोक्यात सात-आठ यूट्यूब व्हिडिओ. अर्धा तास तपासलं आणि सगळं बरोबर निघालं. सेकंद काटा जसा चालायला हवा तसा चालत होता. कोरलेला नंबर स्वच्छ होता. डायलवरची छपाई लेन्सखालीसुद्धा कुठे फाटलेली नव्हती. घड्याळ अस्सल होतं, निदान माझ्या कुवतीप्रमाणे तरी.

मग मी विचारलं, "बिल?"

"बिल हरवलं रे. काकांनी दुबईहून आणलं होतं. वॉरंटी कार्ड पण घर बदलताना गेलं."

दहा मिनिटांनी पैशांचा विषय निघाला, तेव्हा तो म्हणाला की सगळी रक्कम कॅशमध्ये हवी. निघताना बोलता बोलता काकांचे मामा झाले होते. मी कॉफीचे पैसे दिले आणि घड्याळ न घेता मेट्रो पकडली.

त्या दिवशी घाटकोपरपर्यंत एकच विचार डोक्यात होता. घड्याळ खरं आहे की खोटं, हे शोधण्यात मी सगळी शक्ती लावली. पण ते पैसे देऊन माझं होणार होतं का, हा प्रश्न मी शेवटी, जवळजवळ सहज म्हणून विचारला. क्रम उलटा हवा होता. हा लेख त्या उलट्या क्रमाबद्दल आहे.

हा विषय आत्ताच का?

१० मार्च २०२४ रोजी भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या एफ्टा गटाशी व्यापार करार केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरची २० टक्के मूळ आयात ड्युटी एकदम न उठवता सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचं ठरलं आहे.

याचा तुमच्या खिशाशी काय संबंध, ते आकड्यांत बघू. समजा एखादं घड्याळ १ लाख रुपयांच्या किमतीला भारतात येतं. सरचार्ज वगैरे बाजूला ठेवू. २० टक्के ड्युटी लावली की झाले १ लाख २० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की १ लाख ४१ हजार ६००. आता ड्युटी शून्य धरा. मग फक्त जीएसटी, म्हणजे १ लाख १८ हजार. फरक २३ हजार ६०० रुपयांचा, जवळपास १७ टक्के.

हा सगळा फरक ग्राहकापर्यंत येईलच असं नाही. कंपन्या दर काही महिन्यांनी किंमती वाढवतात, फ्रँकचा भाव वर-खाली होतो, दुकानदाराचं मार्जिन वेगळं. पण एक गोष्ट नक्की आहे. जुन्या घड्याळाची किंमत नेहमी नव्या घड्याळाकडे बघून ठरते. नवं स्वस्त होण्याची शक्यता असेल, तर आज सेकंड-हँड घड्याळ "पुढच्या वर्षी जास्त पैशांना विकीन" या हिशोबाने घेणं धोक्याचं आहे. २०२१ मध्ये आणि २०२२ च्या सुरुवातीला जगभर रोलेक्स, पटेक फिलिपच्या वापरलेल्या घड्याळांचे भाव आकाशाला भिडले होते. २०२२ च्या उन्हाळ्यापासून ते घसरायला लागले आणि वरच्या भावाला घेणारे अडकले.

दुसरी गोष्ट अशी की बाजार मोठा होतोय. फक्त वापरलेली महागडी घड्याळं विकणाऱ्या कंपन्या आता भारतात आहेत. जिथे बाजार वाढतो तिथे अस्सल माल वाढतो, नकली वाढतो आणि चोरीचाही वाढतो.

नकलीचे तीन प्रकार, त्यातला एक आपल्या गावाचा

पहिला प्रकार सरळ आहे. पूर्ण नकली घड्याळ, स्टेशनबाहेर पाचशे-हजारात मिळतं. विकणाऱ्यालाही माहीत, घेणाऱ्यालाही माहीत. यात कोणी फसत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे सुपरक्लोन. यात केस, काच, ब्रेसलेटच नाही, तर आतलं मशीनसुद्धा मूळ मशीनची हुबेहूब नक्कल असते. मागचं झाकण उघडल्याशिवाय, आणि कधी कधी उघडूनही, सामान्य माणसाला फरक कळत नाही.

तिसरा प्रकार अर्धा खरा असतो, आणि इथे आपल्या शहराचं नाव जगभर झालं आहे. जुन्या घड्याळांचा छंद असलेल्या परदेशी लोकांत 'मुंबई स्पेशल' हा शब्द चांगलाच प्रचलित आहे. ही जुनी सेइको ५, एचएमटी, फेवर-ल्यूबा अशी घड्याळं. मशीन बहुतेक वेळा खरं, पण डायल नव्याने रंगवलेली, भडक केशरी किंवा हिरवी, जी कंपनीने कधी काढलीच नव्हती. काटे दुसऱ्या मॉडेलचे, केस पॉलिश करून करून कडा गोल झालेल्या. इथून इंटरनेटवर ही घड्याळं वर्षानुवर्षं जगभर जात आहेत.

यामागे कारागिरांचा कायम खोटेपणाच आहे असं मला वाटत नाही. फेवर-ल्यूबाचा भारताशी संबंध १८६५ पासूनचा. एचएमटीने सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि घराघरांत ती गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. सुटे भाग मिळेनासे झाले, की चार बंद घड्याळांतून एक चालू करणं हीच दुरुस्ती ठरते. आजोबांचं घड्याळ असं चालू झालं तर आनंदच आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा तेच घड्याळ 'ऑल ओरिजिनल' म्हणून चौपट भावात विकलं जातं.

आणि हे फक्त दोन-तीन हजारांच्या घड्याळांतच होतं असं समजू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात ओमेगाचं जुनं स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. विकत कोणी घेतलं? खुद्द ओमेगाने, आपल्या म्युझियमसाठी. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं, आणि यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता असं ओमेगाने सांगितलं. ज्यांनी घड्याळ बनवलं तेच फसले, तर आपण अंधेरीच्या कॅफेत भिंग घेऊन बसलेलो कोण?

फोन काय सांगू शकतो

तरीही तपासणी करायचीच. तुमच्या खिशातला फोन त्यासाठी बऱ्यापैकी चांगलं यंत्र आहे. चार गोष्टी करता येतात.

*१. स्लो-मोशन व्हिडिओ.* "रोलेक्सचा सेकंद काटा पाण्यासारखा वाहतो" हे तुम्ही ऐकलं असेल. तो वाहत नाही. तो छोट्या छोट्या उड्या मारतो, त्या इतक्या जलद असतात की डोळ्यांना कळत नाहीत. किती उड्या ते मशीनवर ठरतं. रोलेक्सची आजची बहुतेक मशीन तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला ८. ओमेगाच्या आजच्या बहुतेक को-अ‍ॅक्सिअल मशीनचे २५,२००, म्हणजे ७. सेइकोच्या जुन्या ७एस२६ मशीनचे २१,६००, म्हणजे ६. जुन्या चावीच्या एचएमटीचे १८,०००, म्हणजे ५.

फोनवर २४० फ्रेमचा स्लो-मो काढा. तो आठपट हळू चालतो. काटा एका सेकंदाच्या खुणेवरून दुसऱ्यावर जाताना किती उड्या मारतो ते मोजा. मॉडेलच्या माहितीत २५,२०० लिहिलंय आणि तुम्ही ८ मोजल्या, तर आतलं मशीन ते नाहीच. गजबजलेल्या कॅफेतही ही तपासणी करता येते, म्हणून ती पहिली.

*२. आवाज.* घड्याळाची टिकटिक माइकने ऐकून ते दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं, हे सांगणारी अ‍ॅप आहेत. दुरुस्तीवाले यासाठी टाइमग्राफर नावाचं यंत्र वापरतात, अ‍ॅप त्याचा धाकटा भाऊ. शांत खोली लागते. वायरच्या इअरफोनचा माइक चावीच्या बाजूला टेकवला की आवाज नीट येतो. तीन आकडे दिसतात. दिवसाचा फरक, ठोक्यांतली तफावत आणि अँप्लिट्यूड, म्हणजे आतलं बॅलन्स चाक किती अंशांत झुलतं. पूर्ण चावी दिलेल्या चांगल्या मशीनचं अँप्लिट्यूड साधारण २५० ते ३१० अंशांत असतं. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिस लागणार. मात्र फोनवर हा आकडा बऱ्याचदा चुकतो, आणि मशीनप्रमाणे त्यात लिफ्ट अँगल भरावा लागतो. तेव्हा दिवसाच्या फरकावर विश्वास ठेवा, अँप्लिट्यूड दुरुस्तीवाल्याकडून पक्कं करून घ्या.

*३. होकायंत्र.* कंपास अ‍ॅप उघडा आणि घड्याळ फोनजवळून हळूच फिरवा. सुई जोरात हलली तर घड्याळाला चुंबकत्व लागलंय. दिवसाला मिनिटभर पुढे पळणाऱ्या घड्याळाचं कारण अनेकदा हेच असतं आणि ते काही सेकंदांत उतरवता येतं. विकणाऱ्याने "मशीन गेलंय" म्हणून किंमत कमी केली असेल तर तुमचा फायदा. फक्त मागे चुंबकाची रिंग असलेल्या फोनवर घड्याळ ठेवू नका, नाहीतर तुम्हीच ते चुंबकवाल.

*४. फोटो शोध.* विकणाऱ्याने पाठवलेला फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या देशातल्या जाहिरातीत सापडला, तर पुढे बोलायचीही गरज नाही. शंका असेल तर आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसोबत नवा फोटो मागा. खरा मालक दोन मिनिटांत पाठवतो.

यासोबत एक विनाफोनची गोष्ट. आपल्या हवेत दमटपणा किती असतो ते वेगळं सांगायला नको. काचेच्या आतून धुक्यासारखी वाफ दिसते का, काटे किंवा आकड्यांभोवती काळसर डाग आहेत का, ते बघा. '३०० मीटर' हे नव्या घड्याळाचं वचन असतं. रबराचे गॅस्केट सुकले की तेच घड्याळ मुलुंडच्या एका पावसातही पाणी पिऊ शकतं. घेतल्यावर प्रेशर टेस्ट करून घेईपर्यंत ते भिजवू नका.

फोन काय सांगू शकत नाही

आता मुख्य मुद्दा. वरच्या चारही तपासण्या घड्याळाची तब्येत सांगतात. चांगला सुपरक्लोनही सेकंदाला बरोबर ८ उड्या मारतो. आणि अस्सल घड्याळ चोरीचं असलं तरी त्याची टिकटिक बदलत नाही.

वापरलेला फोन घेताना आपण काय करतो? केवायएम लिहून, जागा सोडून, १५ अंकी आयएमईआय नंबर टाइप करून १४४२२ वर एसएमएस पाठवतो. तो हँडसेट ब्लॉक झालेला असेल तर सरकारी यंत्रणेतून उत्तर येतं. संचार साथी पोर्टलवरही बघता येतं. कारण प्रत्येक फोन नेटवर्कला जोडला जातो आणि जोडताना आपला नंबर सांगतो.

घड्याळ कुठेच जोडलं जात नाही. त्याच्यावर सीरियल नंबर असतो, पण भारतात सर्वसामान्यांना तपासता येईल अशी घड्याळांची सरकारी नोंद नाही. अस्सल नंबर पाहून तो नकली घड्याळावर कोरणं अवघड नाही. "नंबर कंपनीच्या सिस्टीममध्ये आहे" याचा अर्थ एवढाच की त्या नंबरचं एक घड्याळ जगात कुठेतरी आहे.

ही पोकळी भरायचे प्रयत्न सुरू आहेत. कार्टिए, आयडब्ल्यूसी वगैरे ब्रँडची मालक असलेल्या रिशमाँने २०२३ मध्ये एन्क्वायरस नावाची मोफत सेवा सुरू केली. तिथे कोणत्याही ब्रँडच्या हरवलेल्या किंवा चोरीच्या घड्याळाची नोंद करता येते आणि घेण्यापूर्वी नंबर तपासताही येतो. ब्राइटलिंगने २०२० पासून घड्याळांसोबत ब्लॉकचेनवरचा डिजिटल पासपोर्ट द्यायला सुरुवात केली, जो घड्याळ विकताना पुढच्या मालकाच्या नावे करता येतो. कल्पना चांगली आहे. पण चोरी झालेल्या माणसाने नोंद केली असेल तरच ती सापडणार. बोरिवलीत कोणाच्या घरी चोरी झाली आणि त्याने फक्त पोलिसांत तक्रार दिली, तर स्वित्झर्लंडच्या सर्व्हरला ते कसं कळेल? तेव्हा नंबर जरूर तपासा. उत्तर 'सापडलं' आलं तर पळा. 'सापडलं नाही' आलं तर त्याचा अर्थ 'स्वच्छ' असा घेऊ नका.

मग मालकी कशाने सिद्ध होते? आजही कागदानेच.

कायदा कोणाला जबाब विचारतो

मी वकील नाही. पण तीन कायदे इतके स्पष्ट आहेत की ते माहीत असायलाच हवेत.

पहिला १९३० चा मालविक्री कायदा. त्याचं कलम २७ सांगतं की, काही अपवाद सोडले तर, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. त्याच्याकडे मालकी नसेल तर तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी मालकी तुमच्याकडे येत नाही. खरा मालक समोर आला तर घड्याळ त्याचं, आणि पैसे त्या गायब झालेल्या विक्रेत्याकडून तुम्ही शोधायचे.

दुसरा भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. चोरीची वस्तू, ती चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना घेतली, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इथे 'मानायला कारण' हे शब्द महत्त्वाचे. बाजारभावाच्या निम्मी किंमत, बिल नाही, कॅशचा आग्रह. पुढे कोणी विचारलं की "तुम्हाला शंका कशी आली नाही?" तर उत्तर काय देणार?

तिसरा वाचून मी स्वतः चकित झालो. १९६२ च्या कस्टम्स कायद्यात कलम १२३ आहे. साधारणपणे गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. पण तस्करीच्या वाजवी संशयावरून जप्त झालेल्या काही वस्तूंच्या बाबतीत, त्या तस्करीच्या नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे त्या सापडल्या किंवा जो मालकी सांगतो त्याच्यावर येते. कोणत्या वस्तू? सोनं, सोन्याच्या वस्तू आणि घड्याळं. कायद्यात थेट नाव घेऊन लिहिलेली. साठ-सत्तरच्या दशकांत आयातीवर कडक बंधनं होती आणि मुंबईच्या किनाऱ्यावर सोन्यासोबत विदेशी घड्याळंही चोरून उतरत. तो काळ गेला, तो शब्द कायद्यात राहिला.

याचा अर्थ लोकलमध्ये कोणी मनगट धरून बिल मागणार असा नाही. पण कधी प्रश्न आलाच तर पुरावा तुम्हाला द्यावा लागेल, आणि तो पुरावा म्हणजे तेच बिल, जे 'घर बदलताना गेलं'.

म्हणूनच 'दुबईहून आणलं' या वाक्यापाशी थांबा. दुबईचं बिल असलं तरी ते अर्धंच आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा महाग वस्तू आणली तर विमानतळावर जाहीर करून ड्युटी भरावी लागते आणि त्याची पावती मिळते. ती मागा. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्रिकेटपटू हार्दिक पंड्या दुबईहून परतला तेव्हा मुंबई विमानतळावर त्याच्या घड्याळाची किंमत ठरवण्यावरून झालेली चर्चा आठवत असेल. आपण स्वतःहून सगळं जाहीर केलं, असं त्याने सांगितलं होतं. त्याच्या म्हणण्यानुसार तिथे किंमत ठरवायला निदान कागद तरी होते. माझ्या अंधेरीच्या सीमास्टरकडे काय होतं? आधी काका आणि मग मामा.

मग घ्यायचं कसं?

सेकंड-हँड घ्यायलाच नको असं मी म्हणत नाही. चांगलं जपलेलं मेकॅनिकल घड्याळ वीस-तीस वर्षं सहज चालतं, आणि पहिल्या मालकाने किंमतीतली मोठी घट आधीच सोसलेली असते. फक्त क्रम असा ठेवा.

*आधी कागद.* मूळ बिल, वॉरंटी कार्ड, बाहेरून आणलं असेल तर ड्युटीची पावती. बिलावरचा, कार्डवरचा आणि घड्याळावरचा नंबर एकच आहे का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. बॉक्सला फार महत्त्व देऊ नका, रिकामे बॉक्स वेगळे विकत मिळतात. नकली कार्डही मिळतात, म्हणून बिल आणि कार्ड दोन्ही हवेत.

*मग माणूस.* दुकानदाराकडून घेत असाल तर सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल मागा. वापरलेल्या वस्तूंच्या विक्रेत्यांना ठराविक अटींवर फक्त नफ्यावर जीएसटी भरायची सोय आहे, त्यामुळे "बिल घेतलं तर १८ टक्के वर लागतील" हे दर वेळी खरं नसतं. ओळखीबाहेरच्या माणसाकडून घेत असाल तर साध्या कागदावर विक्रीपत्र करा. मॉडेल, नंबर, किंमत, तारीख, दोघांची नावं, पत्ते, सह्या, आणि 'हे घड्याळ माझ्या मालकीचं आहे' असं एक वाक्य. ओळखपत्र म्हणून मास्क केलेलं आधार पुरे. ज्याचं घड्याळ त्याचंच आहे तो सही करायला बिचकत नाही.

*मग घड्याळ.* वरच्या चार तपासण्या करा आणि सौदा पक्का करण्यापूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा विश्वासातल्या दुरुस्तीवाल्याकडे एकत्र जा. मागचं झाकण उघडायला लावा. शेवटची सर्व्हिस कधी झाली ते विचारा. महागड्या ऑटोमॅटिकच्या सर्व्हिसचा खर्च सहज पाच आकडी होतो, तो किमतीत धरा.

*सगळ्यात शेवटी पैसे.* बँकेतूनच द्या, घड्याळ हातात असताना. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त कॅश घेता येत नाही. २ लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला १ टक्का टीसीएस गोळा करावा लागतो, जो रिटर्न भरताना तुम्हाला वळता करता येतो. आणि विकण्याच्या बाजूने असाल तर एक लक्षात ठेवा. पैसे *मिळवण्यासाठी* क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकायला सांगणारा माणूस चोर आहे. फसलात तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

कागद असलेलं घड्याळ महाग पडतं, ही तक्रार खरी आहे. पण ते जास्तीचे पैसे कशाचे असतात? उद्या तुम्हाला ते विकायचं असेल, चोरीला गेल्यावर तक्रार द्यायची असेल, विमा काढायचा असेल किंवा परदेशी जाऊन परत येताना "हे माझंच आहे, इथलंच आहे" असं सांगायचं असेल, तर प्रत्येक वेळी तोच कागद लागतो.

माझी गोष्ट पूर्ण करतो. अंधेरीनंतर तीन महिन्यांनी मुलुंड पूर्वेला, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका निवृत्त काकांनी त्यांचं लाँजिन्स विकायला काढलं. ओमेगाइतकं नाव नाही, निळी डायल नाही. मी जिना चढून वर गेलो, तर टेबलावर घड्याळाच्या आधी प्लास्टिकची फाइल ठेवलेली. २०१९ चं बिल, कार्ड, एका सर्व्हिसची पावती. मॉडेलच्या माहितीत २५,२०० ठोके लिहिलेले. स्लो-मोमध्ये मोजल्या, उड्या सात. शांत हॉल होता, अ‍ॅपनेही दिवसाला चार सेकंद पुढे दाखवलं. काकूंनी चहा आणला. मी विक्रीपत्राचा कागद पुढे केला, तर काका हसले आणि म्हणाले, "बरं झालं तू आणलास. मीही एक लिहून ठेवला होता, म्हटलं हा पोरगा सही करायला नको म्हणतो की काय."

दोन्ही कागदांवर सह्या झाल्या. एक त्यांच्या फाइलमध्ये गेला, एक माझ्या.